दहापैकी किती

सोमवार, ३

आजपासून आमचे नटवर्य रोज संध्याकाळी घराघरांत. मालिकेत नायिकेचा बाप झालाय. आजवर हवालदार, पोस्टमन, ‘साहेब, बाहेर माणसं जमलीत’ म्हणणारा शिपाई असली कामं करत केस पिकले, आणि आता कुठे याच्या पात्राला नाव मिळालं. करार दोन महिन्यांचा आहे. लोकांना बाप आवडला तर वाढेल, नाहीतर लेखक त्याला परगावी किंवा थेट वर पाठवून मोकळा होईल.

भाग संपला आणि हा नेहमीसारखा माझ्याकडे वळला. “किती?”

लग्नाआधीपासूनची आमची ही पद्धत आहे. काम कुठलंही असो, मी दहापैकी मार्क द्यायचे, आणि तोंडदेखले द्यायचे नाहीत. सातच्या वर मी कधी गेलेली नाही. सातही एकदाच दिले, तेव्हा पात्राला ताप होता आणि यालाही. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसून माझी निम्मी हयात गेली. खरं दुखणं आणि दाखवायचं दुखणं मला लांबून कळतं. खरं रडणारा माणूस आधी नाक पुसतो, मग डोळे. हे याला शंभरदा सांगून झालं, तरी हा पठ्ठ्या डोळेच पुसतो.

“पाच,” मी म्हणाले. “हात कुठे ठेवायचे तेच तुला कळत नव्हतं.”

“बरोबर आहे,” म्हणाला, आणि आरशासमोर जाऊन हात कुठे कुठे ठेवून बघायला लागला. हा रागावत नाही. दिग्दर्शक काहीही म्हणो, नातेवाईक डोक्यावर घेवोत, याला माझेच मार्क खरे वाटतात.

मालिकेतली त्याची बायको मात्र मुरलेली आहे. गालाला खळी पडते, आणि ती कधी पाडायची हे तिला पक्कं ठाऊक आहे. मी तिचं नाव खळीबाई ठेवलं. नवऱ्याला हसू आलं नाही. लेक हसली.

मंगळवार, ४

सुट्टी होती. दुपारी संवाद पाठ करता करता हा खुर्चीतच पेंगायला लागला. चष्मा घसरून मिशीपर्यंत आला होता. काचांवर बोटांचे इतके ठसे की बघवेना. काढला, तोंडाची वाफ दिली, रुमालाने पुसला, एक डोळा मिटून खिडकीकडे धरून पाहिला, पुन्हा पुसला आणि हळूच नाकावर ठेवून दिला. उठल्यावर चाचपडत बसतो म्हणून. रोजचंच आहे हे. या माणसाला या जन्मी स्वतःचा चष्मा पुसता यायचा नाही. मिशी जराशी हलल्यासारखी वाटली, पण झोपेत हलतेच त्याची.

मंगळवार, ११

आजच्या भागात मुलीचं लग्न मोडतं. खळीबाई पलंगाच्या कडेला बसलेली. हा येतो, शेजारी बसतो आणि तिच्याकडे नुसता बघतो. संवाद नाही, संगीतसुद्धा नाही. मी भाजी निवडत होते, तर हात थांबले. हा आपला नवरा आहे हेच मी विसरून गेले.

“किती?”

तोंडात नऊ आले होते. बाहेर पडले सहा. का, ते मलाही कळेना. एवढे मिळाले म्हणून तो बिचारा खूश झाला.

नंतर भांडी लावताना मनात पाल चुकचुकली. मी या माणसाला पंचवीस वर्षं ओळखते. त्याला अभिनय जमतो, नाही असं नाही, पण मेहनत दिसते. आता हा खोकणार, हे खोकण्याच्या आधी कळतं. आज काहीच दिसलं नाही. मग तो अभिनय नव्हताच. आणि अभिनय नसेल, तर काय होतं?

गुरुवार, १३

दवाखान्यातल्या टीव्हीवर सकाळी आदल्या दिवशीचा भाग पुन्हा लागतो. तो नट माझा नवरा आहे हे तिथे कुणालाच माहीत नाही. चांगलं काम मिळालं की सांगू, असं म्हणत राहिले आणि राहूनच गेलं. आज गाल सुजलेली एक बाई खुर्चीत बसून बघत होती. तोंडात कापसाचा बोळा, तरी बोलल्याशिवाय राहवेना. “हे दोघं खरोखरचे नवरा-बायको असणार हो. असं खोटं नाही जमत.”

तिच्या शेजारचा अक्कलदाढवाला म्हणाला, “बघा ना कसा बघतो तिच्याकडे.”

आमच्या डॉक्टरीणबाई आतून डोकावल्या आणि मशीन बंद करून शेवटपर्यंत बघत उभ्या राहिल्या. त्या कधी मालिका बघत नाहीत. जाताना म्हणाल्या, “नशीबवान आहे हं ती बाई.”

कुठली बाई, ते विचारावंसं वाटलं होतं. मी पुढच्या पेशंटला हाक मारली, तीही चुकीच्या नावाने.

शुक्रवार, १४

सरळच विचारलं. “तुमचे ते दोघांचे सीन, आधी बसून ठरवता का?”

“कसले?”

“बघायचे.”

“छे. वेळ असतो कुठे? आपलं होऊन जातं.”

होऊन जातं म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी मुकाट्याने त्याला वाढलं. घरी हा माझ्याकडे बघतो तो मीठ हवं असलं की. आज त्याच्या पानात मीठ आधीच वाढून ठेवलं, म्हणजे तेवढंही नको.

गुरुवार, २०

कहर झाला. आजच्या भागात खळीबाई हिशेब करता करता झोपते, आणि हा तिचा चष्मा काढतो. वाफ देतो, पुसतो, एक डोळा मिटून उजेडाकडे धरतो. जणू काही चष्म्याचं दुकानच आहे याचं! पुन्हा पुसतो आणि हळूच तिच्या नाकावर ठेवतो. मग मागे सरून तिच्याकडे असा बघतो की लेकीने शेजारी बसल्या बसल्या श्वास रोखला.

स्वतःच्या चष्म्याची काच कुठली आणि दांडी कुठली ते ज्याला कळत नाही, तो माणूस भलत्या बाईचा चष्मा पुसतोय. कुणी शिकवलं याला हे? आमच्या घरात असले लाड कुणी कुणाचे केलेले मला आठवत नाहीत. तिनेच शिकवलं असणार.

“किती?” डोळे चमकत होते त्याचे. आपलं काम फक्कड झालंय हे त्याला माहीत होतं.

“चार,” मी म्हणाले.

लेक म्हणाली, “आई!”

“चार. नजर खोटी वाटते तुझी. उगाच ओथंबलेली. असं कुणी बघतं का बायकोकडे?”

तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, “सगळीकडे खोटी वाटते, की आजच?”

“पहिल्यापासून. आज जास्त.”

मी खोटं बोलले. तो सीन दहाचा होता. इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. त्याचा चेहरा पडला तेव्हा वाईट वाटलं, आणि त्याच वेळी पोटात गारही वाटलं. दोन्ही खरं आहे.

सोमवार, २४

हा रोज आरशासमोर नजर घासतोय. काल म्हणाला, “तिच्या डोळ्यांत बघितलं की खोटं होतं बहुतेक. कानाकडे बघून बघतो.”

“बघ की,” मी म्हणाले. मी थांबवलं असतं तर थांबला असता.

गुरुवार, २७

बदललेलं काम आजपासून दिसायला लागलं. हा खळीबाईच्या कानाशी बोलतो. तिचा कान तुटून पडलाय आणि हा तो शोधतोय असं वाटतं. हात पुन्हा कुठे ठेवायचे ते कळेनासं झालंय. ती बिचारी समोरून जीव तोडून करतेय, आणि हा खांबासारखा उभा. बिचारी असं माझ्या हातून लिहिलं गेलं, ते तसंच राहू दे.

“किती?”

“सात,” मी म्हणाले.

आयुष्यातले दुसरे सात. तो उठला आणि त्याने मला जवळ घेतलं. केवढ्या दिवसांनी. “तू नसतीस तर मी काय केलं असतं,” असं म्हणाला. मी त्याच्या खांद्यावरून टीव्हीकडे बघत राहिले, तिथे साबणाची जाहिरात चालू होती.

नंतर लेकीने मला स्वयंपाकघरात गाठलं. “बाबा आज लाकूड होते, आई. तू सात दिलेस?”

“तुला काय कळतं अभिनयातलं?”

“मला नाही कळत. पण तुला कळतं ना?” एवढंच म्हणाली आणि गेली. कार्टीला शिंगं फुटली आहेत.

गुरुवार, ३

दवाखान्यात आज बापाचा सीन लागला आणि अक्कलदाढवाल्याने (दाढ गेली, टाके काढायला आला होता) चॅनल बदललं. कुणी हरकत घेतली नाही.

घरी आले तर हा बाल्कनीत बसलेला. दिग्दर्शकाचा फोन येऊन गेला होता. बाप-आईचा भाग थंड पडलाय, बापाला कामासाठी लांबच्या गावी पाठवायचं ठरतंय. निरोपाचा एक सीन उरलाय, पुढच्या आठवड्यात. दिग्दर्शक म्हणाला, तो सीन पहिल्यासारखा झाला तर मी वरच्यांशी भांडेन.

“पहिल्यासारखा म्हणजे तुझा चारवाला,” तो मला म्हणाला. “यांना खोटंच आवडतं बघ. मी नाही करणार आता तसं. काम जाईल तर जाऊ दे, पण तू नापास केलेलं पुन्हा नाही करणार.”

इतका मान मला आयुष्यात कुणी दिला नाही. मी आत जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. खळीबाई. “वहिनी, तुमचा नंबर मीच मागून घेतला. रागावू नका. ते फक्त तुमचं ऐकतात. त्यांना सांगा ना, माझ्याकडे पहिल्यासारखं बघा म्हणावं. त्यांच्यामुळे माझंही काम उठून दिसत होतं हो.”

माझ्याकडे पहिल्यासारखं बघा म्हणावं! आणि हे मी सांगायचं. बाईची कमाल आहे. नवऱ्याबद्दल वाटलेली सगळी कणव एका क्षणात विझली. “बघते,” म्हणून ठेवून दिला.

मंगळवार, ८

आज रजा काढली. सकाळी त्याचा डबा मुद्दाम ओट्यावर राहू दिला, आणि मग तो द्यायला म्हणून सेटवर गेले. म्हटलं, काय ते एकदा डोळ्यांनी बघूच.

मोठी शेड, आत त्यांचं घर. भिंती तीनच. टीव्हीवर ऐसपैस वाटणारं स्वयंपाकघर आमच्या न्हाणीएवढं. जिना आहे, पण वर काही नाही, सातव्या पायरीवर संपतो. मला बघून हा गांगरला. मला वाटलं, सापडला.

आधी दोघांचा एकत्र शॉट झाला. मग खळीबाईचे जवळून घेतले, हा कॅमेऱ्याशेजारी उभा राहून तिला संवाद देत होता. ते संपले तशी ती उठली, साडीची पिन काढता काढता माझ्यापाशी आली. “बरं झालं आलात वहिनी. मला पळायला हवं, मुलीला पाळणाघरातून घ्यायचंय.” जवळून बघितलं तर डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि खळी पडलीच नाही. पर्स उचलून गेलीसुद्धा.

“आता याचे शॉट?” मी विचारलं.

दिग्दर्शकाचा मदतनीस, चाळिशीचा गृहस्थ, सर्दीने बेजार झालेला, म्हणाला, “आता सरांचे.” एका माणसाने लाइटचा रिकामा स्टँड आणून खळीबाईच्या जागी उभा केला. त्यावर डोळ्यांच्या उंचीला पिवळी पट्टी चिकटवली. सर्दीवाल्याने कागद काढला आणि बंद नाकाने बायकोचे संवाद वाचायला लागला.

“हा बघणार कुणाकडे?”

“पट्टीकडे. मॅडमना पाचला निघायचं असतं, करारातच आहे. सरांचे जवळचे शॉट पहिल्या दिवसापासून असेच घेतो.”

“आणि तो चष्म्याचा?”

“नाकावर ठेवला तेवढा मॅडमच्या. नंतरचं बघणं सगळं पट्टीकडे.” शिंक आली, ती आवरत म्हणाला, “काय बघायचे हो सर तेव्हा. आम्ही लाइटवाले-बिइटवाले सगळे गप्प व्हायचो.”

मी खुर्चीत बसले. लोखंडी दांडा. मी एका लोखंडी दांड्यावर जळत होते.

शॉट सुरू झाला. त्याची नजर वर यायला लागली, पट्टीपाशी पोचली, आणि ती तीच नजर होती. अर्धा क्षण. मग त्याला आठवलं असावं. नजर घसरली आणि पट्टीच्या बाजूला, कान असता तिथे जाऊन थांबली. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

“वहिनी, तुम्हीच उभ्या राहा बघू इथे. बायकोकडे बघून तरी याचं काही जमतंय का पाहू.”

स्टँड हलवला, मी उभी राहिले. दिव्यांनी डोळे दिपत होते. सर्दीवाला माझ्या खांद्यामागून वाचायला लागला, “काळजी घ्या, पोचल्यावर कळवा.” नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो काही बायकोकडे बघत नव्हता. भाग संपला की ‘किती?’ विचारताना बघतो, तसा बघत होता. माझ्या भुवया वर जातात की खाली, एवढंच शोधत होता. दोनदा संवाद विसरला. जो संवाद त्याने माझ्यासमोर चार दिवस पाठ केला होता.

“वहिनी, राहू द्या,” दिग्दर्शक हळू आवाजात म्हणाला. “तुमच्यासमोर तो परीक्षेला बसतो.”

पुन्हा स्टँड आणला. निरोपाचा मुख्य भाग उद्यावर ढकलला.

येताना बसमध्ये त्याला विचारलं, “त्या पट्टीकडे बघताना तू काय मनात आणायचास?”

“काही खास नाही. घरचंच काहीबाही आठवायचो.”

घरचं म्हणजे काय कोण जाणे. आमच्या घरात असलं काय घडतं? मी पुढे विचारलं नाही. मला दुसरंच काहीतरी बोलायचं होतं आणि धीर होत नव्हता.

बुधवार, ९

सकाळी तो निघायच्या आधी सांगून टाकलं. दारातच, त्याचा एक बूट पायात, एक हातात.

“मी खोटे मार्क दिले. ते चारचं काम दहाचं होतं. ते सातचं तीनचं. मला वाटलं तुझं तिच्यावर मन बसलंय. मी जळत होते. आज तसंच बघ, पहिल्यासारखं. तेच खरं होतं.”

हे बोलताना माझा आवाज चढला होता, आणि नाक वाहायला लागलं होतं.

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग हसला. मायेने. “काम वाचावं म्हणून म्हणतेस ना?”

“नाही रे. खरं सांगतेय.”

“जळत होतीस? तू? माझ्यावरून?” त्याला ते फारच मजेशीर वाटलं. बूट चढवून त्याने माझ्या गालावर हात ठेवला. “पंचवीस वर्षांत तू कुणाला खूश करायला शब्द वापरला नाहीस. आता कशाला शिकतेस? जमत नाही तुला. आवाज उगाच चढवलास.”

“मी काय नाटक करतेय?”

“करतेयस. चार देईन मी,” म्हणाला, आणि जिना उतरला. खालच्या वळणावरून हात केला.

एवढे दिवस मी खोटं बोलत होते, तेव्हा या माणसाने एकदाही शंका घेतली नाही.

शुक्रवार, १८

निरोपाचा भाग आज लागला. आम्ही तिघं बसलो होतो. खळीबाईने छान केलं. डोळ्यांआधी नाक पुसलं, हे मी मोकळ्या मनाने लिहिते. हा बॅग घेऊन तिच्या कानाला ‘येतो’ म्हणाला आणि दाराबाहेर गेला. पुढच्या भागात त्याचं नावही नसेल. लेक उठून आपल्या खोलीत गेली.

मला वाटलं आज विचारणार नाही. त्याने टीव्ही बंद केला, रिमोट जागेवर ठेवला आणि वळला.

“किती?”

दहा म्हटलं असतं तर पुन्हा हसला असता. चांगलं होतं म्हटलं असतं तरी. मी त्याच्याकडे बघितलं. किती वेळ बघत होते कोण जाणे.

“तीन,” मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. खांदे सैल पडले. “हं. आता कसं बोललीस,” म्हणाला. “मलाही तेवढेच वाटले होते.” मग ताटं घ्यायला आत गेला, आणि माझं पान त्यानेच वाढलं.